सातच्या पाढ्यातली घोड्याची चाल

दोनचा, पाचचा आणि दहाचा पाढा मुलांना लवकर येतो, नऊचाही थोड्या सरावाने येतो. सातच्या पाढ्यात मात्र ‘सात सक बेचाळीस’पर्यंत नीट पोहोचलेले मूलही ‘सात आठी’पाशी हमखास अडखळते. हे का होते, ते पाहण्यासाठी एका ओळीत दहा घरे असलेला १ ते १०० चा तक्ता आणि रंगीत पेन्सिल घेऊन बसावे.

पाचच्या पाढ्यातल्या संख्या रंगवल्या, तर दोन सरळ उभे पट्टे मिळतात. नऊच्या संख्या एक ओळ खाली, एक घर डावीकडे अशा तिरप्या उतरतात, कारण नऊ मिळवणे म्हणजे दहा मिळवून एक काढणे. सातची घरे मात्र प्रथमदर्शनी विखुरलेली वाटतात. त्यांचे एककस्थानचे अंक ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असे येतात. ७ आणि १० यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्याने दहाही अंकांची पाळी येते आणि शेवटचा अंक पाहून काहीच ओळखता येत नाही. (तीनच्या पाढ्यात शून्याआधीचे नऊ अंक नेमके याच्या उलट क्रमाने येतात.)

आता ७, २८, ४९ आणि ७० ही चार घरे पाहावीत. प्रत्येक वेळी आपण दोन ओळी खाली आणि एक घर उजवीकडे गेलो आहोत, म्हणजे बुद्धिबळातल्या घोड्यासारखे अडीच घरे चाललो आहोत. १४, ३५, ५६, ७७, ९८ यांचेही तसेच. ही चाल ‘सात त्रिक एकवीस’ या एका ओळीतून येते: एकवीस म्हणजे दोन दशक आणि एक एकक.

सातने भाग जातो का, हे तपासण्याची रीत याच चालीत दडलेली आहे. ४१३ घ्या. एककस्थानी ३ आहे, म्हणून घोडा तीनदा उलटा चालवावा, म्हणजे ६३ वजा करावेत. उरतात ३५०, अर्थात ३५ दशक. सातच्या पटी वजा केल्याने विभाज्यता बदलत नाही आणि दहाला सातने भाग जात नाही, त्यामुळे प्रश्न फक्त ३५ चा उरतो. थोडक्यात, शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करायची: ४१ वजा ६, पस्तीस. २०२३ साठी हेच दोनदा केले, की आधी १९६ आणि मग ७ मिळतात.

पाठांतर नकोच, असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. ‘सात पाचे पस्तीस’ जिभेवर नसेल, तर ही रीत ३५ पाशी येऊन थांबते. आणि तेराच्या पाढ्यात अशीच चाल शोधायची असेल, तर ‘तेरा त्रिक एकोणचाळीस’पासून सुरुवात करावी: चार ओळी खाली, एक घर डावीकडे.