पीएसला प्रोसेसची यादी मिळते कुठून?

टर्मिनलवर पीएस ही कमांड टाइप केली की कोणकोणत्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, आहेत ते दिसतं, हे इतकं अंगवळणी पडलंय की माहिती येते कुठून हे कोणी विचारतच नाही. त्यांची नोंद ठेवणारं प्रोसेस टेबल असतं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत आणि साध्या प्रोग्रामला तिथे हात घालता येत नाही. मग १९७९ च्या सातव्या एडिशनच्या युनिक्सवर पीएस काय करायचं, तर आधी /युनिक्स ही कर्नलची फाइल उघडून तिच्या सिम्बॉल टेबलमधून, म्हणजे कोणतं नाव मेमरीत कुठे आहे त्या यादीतून, प्रोसेस टेबलचा पत्ता काढायचं, मग /डेव/मेम ही मेमरीच फाइलसारखी दाखवणारी फाइल उघडून त्या पत्त्यावरचे बाइट उचलायचं, आणि प्रोसेस स्वॅप होऊन डिस्कवर गेली असेल तर तिचं उरलेलं सामान तिकडून शोधून आणायचं.

कर्नलमधलं स्ट्रक्चर, म्हणजे एका प्रोसेसच्या माहितीचा साचा, एका फील्डनं जरी वाढलं आणि पीएस परत कंपाइल केलं नाही तर पडद्यावर नुसता कचरा. त्याहून वाईट म्हणजे पीएसला कर्नलची अख्खी मेमरी वाचायचा अधिकार द्यावा लागायचा, आणि त्याच मेमरीत दुसऱ्या कुणी नुकताच टाइप केलेला पासवर्ड पण असू शकतो!

१९८४ मध्ये बेल लॅब्सच्या टॉम किलियननं यावर वाट काढली, /प्रोक या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसची तिच्या नंबरच्या नावाची एक फाइल. मूळ गरज डीबगरची, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाची, होती, पीएसला आयता फायदा झाला. पुढे प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमनं फाइलच्या जागी डिरेक्टरी केली आणि आत साधा टेक्स्ट ठेवला, मला विचाराल तर खरी कमाल ही, कारण आता फाइल नुसती दाखवणाऱ्या कॅट कमांडनं पण वाचता येतं. लिनक्सनं १९९२ मध्ये हेच उचललं. तिथलं पीएस मुळात ब्रँको लँकेस्टरचं, मायकल के. जॉन्सननं ते /प्रोक वापरेल असं बरंचसं नव्यानं लिहिलं.

टेक्स्ट असलं तरी जपून वाचा. /प्रोक मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टॅट फाइलमध्ये एकच ओळ असते, आधी नंबर, मग कंसात नाव, मग स्टेटचं अक्षर, मग पॅरेंटचा, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसचा, नंबर. माझी स्क्रिप्ट ती ओळ स्पेसवर तोडायची, कित्येक महिने नीट चालली, आणि एका मशीनवर निघाली 'टीमक्स: सर्व्हर' नावाची प्रोसेस, मधल्या स्पेसमुळे पुढचं सगळं एक घर सरकलं आणि पॅरेंटच्या जागी स्टेटचं अक्षर एस आलं. शेवटचा बंद कंस शोधून तिथून पुढे मोजायचं, नावात कंस पण असू शकतो म्हणून शेवटचाच.

युनिक्सच्या बीएसडी शाखेवाले मात्र सिसकंट्रोल या सिस्टिम कॉलच्या वाटेनं गेले, कर्नलला विचारायचं आणि तो स्ट्रक्चर भरून देतो. ओपनबीएसडीनं २०१५ च्या ५.७ मध्ये /प्रोक काढूनच टाकलं, मॅकवर ते नाहीच, त्यामुळे लिनक्सवर /प्रोक चाळणारी स्क्रिप्ट तिथे नेली तर तिला एकही प्रोसेस सापडत नाही.