ताकाराझुका

जपानमधील केवळ स्त्री-कलावंतांची संगीत नाट्यसंस्था. नायकापासून खलनायकापर्यंत सगळ्या पुरुषभूमिका बायकाच करतात आणि गर्दी खेचतात त्याही प्रामुख्याने पुरुषभूमिका करणाऱ्याच. प्रेक्षकांतही बायकाच अधिक. मुख्य नाट्यगृह ह्योगो प्रांतातील ताकाराझुका गावी (२,५५० आसने), दुसरे टोकियोत. संस्थेचे पाच संघ आहेत : फूल, चंद्र, हिम, तारा आणि १९९८ मध्ये आलेला अवकाश.

संस्थेचा जन्म कलेच्या ओढीपेक्षा रेल्वेच्या हिशेबातून झाला. ताकाराझुका हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव इचिझो कोबायाशी यांच्या रेल्वेमार्गाच्या टोकाला होते. लोकांनी तिथवर तिकीट काढावे म्हणून बंदिस्त जलतरण तलाव बांधला, पण पाणी इतके गार की कोणी उतरेना. मग तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागृह केले. १९१३ मध्ये मुलींचे गायनपथक उभे राहिले, एप्रिल १९१४ मध्ये पहिला खेळ झाला. गंधर्व नाटक मंडळीही १९१३ चीच. इकडे पुरुष लुगडे नेसून नायिका होत असताना तिकडे मुली नायक होऊ लागल्या. आपल्याकडची रीत पुढे मोडली, तिकडची टिकली.

प्रवेश फक्त संस्थेच्या संगीत विद्यालयातून. वय १५ ते १८, जास्तीत जास्त चार वेळा परीक्षा देता येते, निवड सुमारे ४० जणींची. दोन वर्षे गायन, बॅले, टॅप, जपानी नृत्य आणि अभिनय. रंगमंचावर आल्यावरही कलावंतांना ‘विद्यार्थिनी’च म्हणतात, आणि ज्येष्ठता प्रवेशाच्या वर्षावरून मोजतात.

पुरुषभूमिका करणारी ती ओतोकोयाकु, स्त्रीभूमिका करणारी मुसुमेयाकु. हा रस्ता बहुधा उंची आणि आवाज पाहून ठरतो आणि सहसा बदलत नाही. ‘ओतोकोयाकु घडायला दहा वर्षे’ असे तिथे म्हणतात, ते उगीच नाही. केस आखूड कापणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. कंबर बारीक दिसली की सूट बाईच्या अंगावर चढवल्यासारखा वाटतो, म्हणून कमरेभोवती कापड गुंडाळून ती भरून काढतात आणि खांद्यांत पॅड घालतात. आवाज छातीतून काढायचा. नुसता घसा दाबला तर तो बसतो. या नायकाचा रुबाब निम्मा तरी जोडीदारणीच्या हातात असतो : मुसुमेयाकु लांब घागऱ्याच्या आत गुडघे वाकवून उभी राहते, म्हणजे तो उंच दिसतो. श्रेय मात्र तिला क्वचितच मिळते.

नेहमीचा कार्यक्रम सुमारे तीन तासांचा : साधारण दीड तासाचे नाटक, अर्ध्या तासाचे मध्यंतर, मग नाचगाण्यांचा रेव्ह्यू. वाद्यवृंदाच्या खड्ड्यापुढून ‘रुपेरी पूल’ जातो. त्यावर आलेली तारका पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर असते. शेवटी २६ पायऱ्यांचा भव्य जिना पुढे येतो. पायरी जेमतेम २३ सेंटिमीटर खोल, टाचांचे बूट, नजर समोर. खाली पाहिले की ऐट गेली. कनिष्ठ कलावंत आधी उतरतात आणि संघाची अव्वल तारका सर्वांत शेवटी, पाठीवर पिसांचा प्रचंड पिसारा घेऊन. तो २० किलोपर्यंत भरू शकतो, त्यामुळे पुढे झुकून नमस्कार करताना तोल जाण्याची भीती असते.

१९७४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील ‘व्हर्सायचा गुलाब’ या मांगावर (जपानी चित्रकथेवर) आधारलेले नाटक आले आणि संस्थेची लोकप्रियता नव्याने उसळली. चाहत्यांची शिस्त हा वेगळाच प्रकार. कलाकारांच्या दारापाशी एकसारखे जाकीट किंवा स्कार्फ घालून त्या रांगेत थांबतात. तारका आली की मागच्यांना दिसावे म्हणून पुढच्या खाली बसतात, पत्रे देतात, आरडाओरडा नाही. कलावंतांचे वय, खासगी आयुष्य यांवर बोलायचे नाही, असाही अलिखित नियम आहे.

लग्न करायचे तर संस्था सोडावी लागते. शेवटचा निरोप घेताना पिसारा नसतो. काळा किमोनो आणि हिरवा हाकामा (चुण्यांचे घेरदार कटिवस्त्र) नेसून तोच जिना उतरायचा.

ज्येष्ठतेच्या या उतरंडीची दुसरी बाजू सप्टेंबर २०२३ मध्ये समोर आली. अवकाश संघातील २५ वर्षांच्या एका कलावंताचा मृत्यू झाला. कुटुंबाने अतिश्रम आणि ज्येष्ठांकडून झालेल्या छळाकडे बोट दाखवले. सहाव्या वर्षापासून कलावंत नोकरीवर नव्हे तर करारावर काम करत, त्यामुळे कामाच्या तासांचा प्रश्नही चर्चेत आला. संस्थेने आधी छळ नाकारला, पण मार्च २०२४ मध्ये तो मान्य करून कुटुंबाची माफी मागितली. आठवड्याचे खेळ १० वरून ९ केले गेले.