फोटो १९४१चा, सही कधीची?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनानींचे सह्या असलेले फोटो जमवायला लागलं की एक गल्लत हमखास होते. फोटोत युद्धातला गणवेश, गळ्यात नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक आणि खाली सही, म्हणजे सहीसुद्धा तेव्हाचीच असं आपण धरून चालतो. पण युद्ध चालू असताना सही झालेला फोटो वेगळा, आणि त्याच माणसाने वीस-तीस वर्षांनी घरी बसून जुन्या फोटोच्या नव्या प्रतीवर केलेली सही वेगळी. ही दुसरी सही खोटी नसते, पण पहिलीच्या भावाने ती घेऊ नये.

युद्धकाळात हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिश हॉफमान याची म्युनिकची कंपनी सेनानींचे पोस्टकार्डाच्या आकाराचे फोटो छापून विकायची. लोक ते टपालाने पाठवून सह्या मागवत. त्या सह्या फाउंटन पेनच्या किंवा पेन्सिलच्या. फोटो खिडकीपाशी तिरका धरून भिंगातून बघा. निब दाबलं तिथे रेघ रुंद आणि गडद होते, उचललं तिथे फिकी पडते, आणि गुळगुळीत कागदावर शाई कडेला जराशी साचलेली दिसते. बॉलपेनची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि फोटोच्या पृष्ठभागात बारीक चर पाडते. स्केचपेन तर बाजारात आला तोच १९६०च्या दशकात.

युद्धानंतरच्या सह्या भरपूर मिळतात, कारण बरेच जण पुढे पुष्कळ वर्षं जगले. नौदलप्रमुख डोनिट्झ १९५६मध्ये श्पांडाउच्या तुरुंगातून सुटला, हाम्बुर्गजवळ आउम्यूलेला राहिला आणि १९८०मध्ये वारला. लढाऊ विमानदलाचा जनरल आडोल्फ गालांड १९९६पर्यंत होता. दोघांनी संग्राहकांना सह्या दिल्या, त्यामुळे त्यांची स्केचपेनची सही अगदी खरी असू शकते. उत्तर आफ्रिकेत लढलेला सेनानी रोमेल याची मात्र नाही. तो १४ ऑक्टोबर १९४४ला गेला, त्याच्या बाबतीत 'युद्धानंतरची सही' हा प्रकारच नाही.

हुद्दाही बोलतो. रोमेल फील्ड मार्शल झाला जून १९४२मध्ये, म्हणजे सहीखाली तो हुद्दा असेल तर सही त्यानंतरची. स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्याचा सेनापती पाउलुस, त्याचं तर विचारूच नका. ३० जानेवारी १९४३ला त्याला फील्ड मार्शल केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो स्टालिनग्राडमध्ये रशियनांच्या हाती लागला. त्या हुद्द्यासह त्याची 'आघाडीवरची सही' कुणी विकायला काढली तर मी हात जोडून निघतो.

कागदासाठी नोटा तपासायची यूव्ही टॉर्च पुरते. कागद शुभ्र करणारी रसायनं फोटोच्या कागदात आली ती १९५०च्या दशकात, आणि तो कागद त्या उजेडात निळसर चमकतो. १९८३मध्ये हिटलरच्या तथाकथित डायऱ्या बनावट म्हणून उघड्या पडल्या त्यातही अशाच रसायनाचा हात होता. मीही एकदा 'युद्धातला' म्हणून घेतलेला फोटो घरी आणून अंधारात टॉर्च मारली, तर तो ट्यूबलाइटसारखा उजळला. पैसे गेले ते गेलेच. आणि कागद चमकला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या कोऱ्या फोटोवर नवी सही करायला कुणाला बंदी आहे?

युद्धातल्या आणि नंतरच्या सह्यांच्या मधोमध न्यूरेंबर्गच्या सह्या आहेत. तिथे नाझी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालू असताना कैद्यांनी अमेरिकन पहारेकऱ्यांना त्या दिल्या. हिटलरच्या लष्करी मुख्यालयातले सेनानी कायटेल आणि योडल यांना १६ ऑक्टोबर १९४६ला फाशी झाली, त्यामुळे त्यांची सही त्यापुढची असूच शकत नाही.

माझ्याकडची इटलीतल्या जर्मन फौजांचा सेनापती केसेलरिंग याची सही बॉलपेनची आहे, म्हणजे युद्धानंतरची. मार्च १९४४मध्ये रोमजवळ आर्देआतीन गुहांत जर्मनांनी ३३५ जणांना गोळ्या घातल्या. त्या प्रकरणी १९४७मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली आणि १९५२मध्ये तो सुटला. इटलीत त्याच्याच फौजांशी ५ मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढले, १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अल्बममध्ये त्या फोटोसमोरच्या पानावर मी घाडगे यांचं नाव आणि ती तारीख लिहिली आहे, फाउंटन पेनने.