हगवणीनंतरचा लकवा

एखाद्या संसर्गानंतर, अनेकदा पोटाच्या जिवाणूसंसर्गानंतर, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटल्याने हातापायांतली ताकद जाणे. या आजाराचे नाव गिया-बारे सिंड्रोम, म्हणजेच वर्तमानपत्रांतला ‘जीबीएस’. विदर्भातल्या खेड्यांत ‘लकवा मारला’ असे म्हणतात. पण लकव्यात बहुधा एक बाजू पडते, इथे दोन्ही पाय एकदम जातात आणि लुळेपणा वर चढत जातो.

जीबीएसच्या तीनपैकी साधारण एका रुग्णात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू कारणीभूत असतो. तो कोंबड्यांच्या आतड्यात राहतो आणि अर्धकच्चे मांस, न तापवलेले दूध, दूषित पाणी यांतून माणसात येतो. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड रेणूंसारखे असतात. त्याला मारायला तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांनाही शत्रू समजतात. हजार संसर्गांमागे जेमतेम एकाला हे होते, त्यामुळे हगवण लागलेल्या प्रत्येकाने धास्ती घेऊ नये. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जिवाणू सापडला.

खरी अडचण मधल्या काळाची आहे. हगवण थांबून एक ते तीन आठवडे गेलेले असतात. माणूस पुन्हा निंदणाला जाऊ लागतो आणि एके दिवशी धुऱ्यावर चढताना गुडघा दगा देतो, पायातली चप्पल निसटते तरी कळत नाही, उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. पावसाळ्यातली ती हगवण घरचे विसरलेले असतात, म्हणून डॉक्टरांनी ती मुद्दाम विचारायलाच हवी.

पाय गेले की तेलमालीश, झाडपाला यांत चार-सहा दिवस सहज जातात, आणि हेच दिवस मोलाचे असतात. इम्युनोग्लोब्युलिनची (निरोगी दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची) सलाईन किंवा रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव, बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत जास्त गुण देतात. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, घोट गिळताना ठसका लागू लागला, की व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठावे. वेळेत उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. काहींना त्यासाठी वर्षभर लागते.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर पोलिओची लस झालेली असली तरी आरोग्य केंद्राला कळवणे आवश्यक आहे. हा पोलिओ तर नाही ना, हे तपासायला शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेतले जातात.