बेटावर किती प्रजाती राहणार ते ठरलेलं असतं, कोणत्या ते नाही

समुद्रातल्या एखाद्या बेटावर किती प्रकारचे जीव असतील याचा अंदाज तिथे न जाताही बऱ्यापैकी लावता येतो, फक्त दोन गोष्टी माहीत हव्यात, बेट केवढं आहे आणि मोठ्या जमिनीपासून किती लांब आहे. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात हे गणित मांडलं. बाहेरून नवीन प्रजाती येत राहतात, आतल्या काही नष्ट होत राहतात आणि दोन्हीचा वेग सारखा झाला की आकडा स्थिरावतो. लांबच्या बेटावर येणारे कमी, छोट्या बेटावर टिकणारे कमी. क्षेत्रफळ दहापट झालं तर प्रजाती मात्र साधारण दुप्पटच होतात.

थिअरी ठीक आहे, पण तपासायची कशी? विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी जे केलं त्याला आज परवानगी मिळेल असं मला तरी वाटत नाही. फ्लोरिडाजवळची खारफुटीची पिटुकली बेटं निवडली, जेमतेम 11 ते 18 मीटर रुंद, पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं, आख्ख्या बेटावर तंबू टाकला आणि विषारी गॅस सोडून किडे, कोळी सगळे मारले. मग कोण कोण परत येतंय ते मोजत बसले. वर्षभरात बहुतेक बेटांवर आकडा जवळपास पहिल्याइतका झाला, सगळ्यात लांबचं बेट तेवढं मागे पडलं, पण गंमत म्हणजे आलेले किडे पूर्वीचेच नव्हते, बरेच वेगळे होते. किती ते भूगोलाने ठरवलं, कोण ते बरंचसं नशिबाने.

अर्थात नशीबही सगळ्यांना सारखं नसतं. हवाई बेटांवर मूळचा एकही बेडूक नाही, कारण त्याची पातळ कातडी खाऱ्या पाण्यात टिकतच नाही, आणि जमिनीवरचे मूळ सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, कारण ती उडत आली. पण जे पोचले त्यांना रान मोकळं, फिंचसारख्या एका पूर्वजापासून तिथे हनीक्रीपर पक्ष्यांच्या 50हून जास्त प्रजाती झाल्या.

आता अक्षांशांचं बघा, विषुववृत्ताजवळ प्रजाती जास्त आणि ध्रुवांकडे जाल तशा कमी. बोर्निओतल्या लांबिरच्या जंगलात फक्त 52 हेक्टरमध्ये झाडांच्या 1100हून जास्त प्रजाती मोजल्यात, उत्तरेकडच्या थंड देशांत अख्खा देश फिरलात तरी एवढी मूळची झाडं सापडणार नाहीत. कारण काय यावर अजून भांडणं चालूच आहेत. ऊन-पाऊस भरपूर, हिमयुगात बर्फाने तिथलं जंगल पुसलं नाही त्यामुळे नवीन प्रजाती घडायला वेळ जास्त मिळाला, शिवाय प्रत्येक झाडाचे खास किडे आणि बुरशी आईझाडाजवळची रोपं मारतात म्हणून कुठलीच एक जात माजत नाही. मला हे शेवटचं कारण सगळ्यात आवडतं, पण एकट्याने ते पुरत नसावं. पेंग्विन तर हा नियम मानतच नाहीत, दक्षिणेकडच्या थंडीतच त्यांची खरी गर्दी.

आणि बेट व्हायला समुद्रच लागतो असंही नाही. पनामा कालव्यासाठी नदी अडवली, गाटुन तलाव भरला आणि 1914च्या सुमारास एका डोंगराचं बारो कोलोरॅडो बेट झालं. तिथले जंगलातले बरेच पक्षी हळूहळू संपले. किनारा तर समोर दिसतोय, मग नवीन पक्षी उडून का येत नाहीत? संशोधकांनी तिथल्या पक्ष्यांना बोटीतून तलावावर सोडून बघितलं तर दाट झाडीत राहणाऱ्या काहींना 100 मीटरसुद्धा धड पार करता येईना.