आयर्नचा फटका : जोर, अंतर आणि ताबा

गोल्फमध्ये गवतावर पडलेला चेंडू ठरावीक अंतरावरच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नेऊन टाकण्यासाठी धातूच्या चपट्या पात्याच्या ज्या काठ्या वापरतात, त्यांना आयर्न म्हणतात. पाते आता बहुधा पोलादाचे असते, नाव मात्र जुन्या लोखंडाचेच राहिले आहे. या काठीने किती जोरात मारावे हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, आणि मुरलेल्या खेळाडूचाही तो सुटलेला नसतो. प्रचलित उत्तर असे की, आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण पाऊण ते चार-पंचमांश जोराने. हा आकडा फारसा उपयोगी नाही, कारण ताकद मोजायचा काटा कोणाच्या अंगात बसवलेला नसतो. त्यापेक्षा नेमके सांगायचे तर, फटका संपल्यावर चेंडू खाली पडेपर्यंत एका जागी तोल सावरून उभे राहता येईल आणि तोच फटका लगेच पुन्हा तसाच मारता येईल, इतका जोर.

सातारा-सांगलीकडे वाढलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. विटीदांडूत टोला जितका लांब, तितके दांडूने मोजायचे जास्त. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये चेंडू शेजारच्या उसात गेला की आरडाओरडा होतो आणि तो किती आत गेला याची चर्चा आठवडाभर चालते. लांब म्हणजे चांगले, हा हिशेब हाडात मुरलेला असतो. आयर्नचा हिशेब वेगळा आहे. ग्रीन १५० यार्डांवर असेल, तर १७० यार्ड गेलेला चेंडू १३० यार्ड गेलेल्या चेंडूइतकाच वाया जातो. ग्रीनमागे झाडी किंवा उतार असेल तर त्याहून जास्त. म्हणून आयर्नचे नाते टोल्याशी लावण्यापेक्षा गोट्यांशी आणि लगोरीशी लावावे. हे नेमाचे हत्यार आहे. लांब टोल्याची हौस भागवायला पिशवीत ड्रायव्हर ही सर्वांत लांब मारणारी काठी असतेच.

या भागात गोल्फ पोहोचतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट फौजेची. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात गेली आहेत, आणि देशभरातल्या अनेक छावण्यांत गोल्फची मैदाने आहेत. दुसरी वाट पुण्याच्या नोकरीची. दोन्ही वाटांनी येणारा माणूस आधी क्रिकेट खेळलेला असतो, त्यामुळे आडव्या बॅटीने पुल मारायची सवय घेऊनच येतो. ती सुटायला वेळ लागतो.

काठ्या आणि त्यांचे आकडे

नियमाप्रमाणे खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ काठ्या नेता येतात. त्यांत साधारण ४ किंवा ५ पासून ९ क्रमांकापर्यंतच्या आयर्न आणि त्यापुढे वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांसाठीच्या जास्त कललेल्या पात्याच्या काठ्या, असतात. क्रमांक वाढतो तशी काठी सुमारे अर्ध्या इंचाने आखूड होते आणि पाते तीन-चार अंशांनी अधिक मागे कलते. पात्याच्या या कलाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. दोन लगतच्या काठ्यांमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक पडतो. म्हणजे अंतर बदलण्याचे काम मुळात काठी बदलून करायचे आहे, दंडातला जोर बदलून नव्हे. सगळा संच याच कल्पनेवर बांधलेला आहे. खेळाडू मात्र हातात आलेल्या एकाच काठीकडून सगळी अंतरे वसूल करायला बघतो.

इथे एक फसगत आहे. पूर्वी ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३४-३५ अंश असे. आज नवशिक्यांसाठी बनणाऱ्या कित्येक संचांत तो ३० अंशांच्याही खाली आलेला असतो. त्यामुळे ‘माझी ७ नंबर १६० जाते’ या वाक्याला, पात्याचा कल सांगितल्याशिवाय, काही अर्थ नाही. दुकानात चाचणी घेताना चेंडू एकदम १५ यार्ड लांब गेला, तर त्यात नव्या काठीची जादू किती आणि तळाशी कोरलेल्या आकड्याची चलाखी किती, हे विचारून घ्यावे.

जोर वाढवला की काय होते

रडारवर आधारित ट्रॅकमॅन यंत्राच्या मोजमापांनुसार अमेरिकन टूरवरच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या, पुरुष खेळाडूंच्या ७ नंबर आयर्नच्या पात्याचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास असतो आणि चेंडू हवेतून सुमारे १७२ यार्ड जातो. महिला व्यावसायिकांचे हेच आकडे सुमारे ७६ मैल आणि १४१ यार्ड आहेत. ढोबळमानाने पात्याच्या वेगात ताशी एका मैलाची भर पडली की चेंडू सुमारे दोन यार्ड पुढे जातो. इथपर्यंत जोराची बाजू खरी आहे.

पण वेग चेंडूला मिळतो तो पात्याच्या मध्यावर आघात झाला तरच. ७ नंबरचा आघात नेमका मध्यावर झाला, तर चेंडूचा वेग पात्याच्या वेगाच्या सुमारे १.३३ पट होतो. आता एक साधा गुणाकार करून पाहा. हौशी खेळाडूने ७८ मैल वेगाने मध्यावर मारला, तर चेंडू जवळजवळ १०४ मैल वेगाने निघतो. त्याने दात-ओठ खाऊन वेग ८२ मैलांवर नेला, पण आघात टोकाकडे सरकून गुणोत्तर १.२४ वर आले, तर चेंडूचा वेग १०२ मैलांच्याही आत राहतो. मेहनत वाढली आणि चेंडू मागे पडला. दिशा बिघडली ती वेगळीच. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पात्याचे तोंड कुठे आहे यावर ठरते. दिशा एक अंशाने चुकली तर १५० यार्डांवर चेंडू सुमारे अडीच यार्ड बाजूला जातो, आणि फिरकीमुळे हवेत वळला तर त्याहून अधिक. आघात टिकतो सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाइतका. तेवढ्या वेळात हाताने काही सावरता येत नाही. जे सावरायचे ते आधीच सावरलेले असावे लागते.

तिसरा परिणाम स्पिनचा, म्हणजे चेंडूच्या उलट्या फिरकीचा. ७ नंबरवर ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या आसपास असते. हीच फिरकी चेंडू वर उचलते आणि ग्रीनवर पडल्यावर थांबवते. जोर वाढला की फिरकीही वाढते. समोरून वारा असेल तर असा चेंडू उंच चढतो, वर जणू थबकतो आणि धपकन खाली येतो.

जोर कुठून येतो

लाकूड फोडणारा जुना माणूस पाहिला आहे का? तो कुऱ्हाड खाली दाबत नाही, पडू देतो. नवखा दाबतो आणि चार घावांत खांदे धरून बसतो. आयर्नचेही तसेच आहे. खाली येताना आधी कंबर वळते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी काठीचे पाते. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देतो आणि स्वतः मंदावतो. अभ्यासक याची तुलना दुहेरी लंबकाशी करतात : हात हा एक लंबक आणि मनगटाशी टांगलेली काठी हा दुसरा. जोर करणाऱ्याचा हा क्रम उलटतो. खांदे आणि उजवा हात आधी धावतात, मनगट लवकर उलगडते, आणि चेंडूपाशी पोहोचेपर्यंत काठीचा वेग खर्चून गेलेला असतो.

आयर्नचा आघात किंचित खालच्या दिशेने व्हावा लागतो. आधी चेंडू, मग जमीन. व्यावसायिकांची ७ नंबर चेंडूवर चार-एक अंश खाली उतरत असते आणि गवताचा तुकडा निघतो तो चेंडूच्या पुढे. चेंडू उचलून द्यावा म्हणून खालून खणायला जाऊ नये. उचलायचे काम लॉफ्ट करतो. अंगातला जोर वाढला की डोके हलते, गुडघे सरळ होतात, आणि वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू दोन-चार इंच इकडे-तिकडे सरकतो. मागे सरकला तर माती आधी लागते, वर उचलला तर पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पहिली चूक झाली की पाते रुतून बसते आणि चेंडू चार पावलांवर मरतो. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जांभ्या दगडाच्या कठीण जमिनीवर पाते उसळते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. दोन्हीकडे शिक्षा एकाच अपराधाची.

पकड किती घट्ट असावी हे लेझीम खेळलेल्याला सांगावे लागत नाही. मूठ आवळून धरलेली लेझीम वाजत नाही, आणि सैल धरलेली हातातून सुटते. आयर्नची मूठही तशीच, मनगट मोकळे राहील एवढी धरावी. तालाचेही तेच. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये काठी वर नेण्याचा आणि खाली चेंडूपर्यंत आणण्याचा वेळ यांचे प्रमाण साधारण ३ : १ आढळते, वर सुमारे पाऊण सेकंद, खाली पाव सेकंद. शाळेच्या मैदानावरच्या मोजणीत सांगायचे तर एक-दोन-तीन वर आणि चारला चेंडू. जोर करणाऱ्या माणसाची घाई पुष्कळदा वर जातानाच सुरू होते. ताल तिथेच तुटतो.

‘हळू’ या शब्दाचा घोळ

जोर कमी करा म्हटले की काही जण चेंडूपाशी येऊन हात आखडतात. यासारखा वाईट फटका नाही. याच्यापेक्षा ताकदीने मारलेला परवडला. पाते चेंडूपाशी पोहोचेपर्यंत वेग घेतच गेले पाहिजे. कमी करायची ती मागची झेप. काठी डोक्यावरून पार मागे न नेता हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे, मूठ थोडी खाली सरकवून धरायची आणि फटका पूर्ण करायचा. डेव्ह पेल्झ या अमेरिकन प्रशिक्षकाने वेजसाठी घड्याळाच्या काट्यांची पद्धत रूढ केली : डावा हात साडेसात, नऊ किंवा साडेदहाच्या जागी नेऊन थांबायचे, ताल तोच ठेवायचा, प्रत्येक काठीची तीन अंतरे मिळतात. मधल्या आयर्नलाही हे बऱ्याच अंशी लागू पडते.

म्हणूनच १५० यार्डांवर ७ नंबर जीव काढून मारण्याऐवजी ६ नंबर आरामात मारणे बहुतेकांच्या हिताचे असते. पण हा सौदा फुकटचा नाही. आखूड फटक्याचा चेंडू कमी उंच जातो, त्याची फिरकी कमी असते, आणि उन्हाळ्यात टणक झालेल्या ग्रीनवर तो पडून पुढे घरंगळतो. ग्रीनच्या तोंडाशीच बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असेल आणि भोकाचा झेंडा लगेच त्यामागे असेल, तर छोट्या काठीचा पूर्ण फटकाच योग्य. दाट गवतात चेंडू रुतला असेल, तर तिथेही जास्त जोर लागतो.

स्वतःचा जोर शोधणे

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या १७ व्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. कंपाउंड धनुष्याची दोरी एका ठरलेल्या जागी येऊन अडते, त्यामुळे प्रत्येक बाणाला मिळणारा जोर सारखाच राहतो. तिरंदाजाने सगळे लक्ष नेमाकडे द्यायचे. गोल्फ खेळणाऱ्याला अशी अडवणारी भिंत नाही. ती त्याने स्वतःच उभारायची असते. त्यासाठी सरावाच्या मैदानावर एकच काठी घेऊन दहा चेंडू निम्म्या जोराने, दहा पाऊण, दहा त्याहून थोडे अधिक आणि दहा पूर्ण जोराने मारावेत, आणि प्रत्येक दहांचा पसारा किती पडला ते पाहावे. सर्वांत लांब गेलेला चेंडू मोजू नये. तो एकच लक्षात राहतो आणि तोच फसवतो. ज्या जोराला दहांचा पुंजका सर्वांत आटोपशीर, तो आपला जोर. वयाप्रमाणे आणि पाठीच्या तक्रारींप्रमाणे तो बदलतो, म्हणून वर्षातून एकदा पुन्हा पाहावा.

नावाच्या योगायोगाने दुसरी अदितीही इथे आठवते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडू तिच्या मागे होत्या. तिचे मुख्य बळ पटिंगचे, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवत भोकात घालण्याचे, हे खरे; पण कमी अंतरावर समाधान मानून चार दिवस वर टिकून राहता येते, हे तिने देशाला टीव्हीवर दाखवले.

उंची आणि वारा

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. उंचीवर हवा विरळ होते आणि चेंडूला अडथळा कमी होतो; दर हजार फुटांमागे अंतर सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वाढते, असा ठोकताळा आहे. म्हणजे सांगलीत १५० यार्ड जाणारा फटका महाबळेश्वरच्या उंचीवर चार-पाच यार्ड पुढे पडेल. मात्र थंडीत चेंडू कमी उसळतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी यातले बरेचसे परत जाते.

वाऱ्याचा परिणाम याहून मोठा. साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी प्रत्येक मैलामागे अंतर सुमारे एक टक्का वाढलेले धरावे, मागून येणाऱ्यात निम्मा टक्का कमी. ताशी दहा मैलांचा वारा समोर असेल तर १५० यार्ड हे १६५ समजून एक किंवा दोन काठ्या मोठ्या घ्याव्यात आणि नेहमीपेक्षाही आखूड मारावे. वाऱ्याशी ताकदीने भांडले की फिरकी वाढते आणि वारा जिंकतो. पावसात ओले गवत पाते आणि चेंडू यांच्यामध्ये आले, तर उलट घडते : फिरकी घटते आणि चेंडू अपेक्षेहून लांब सुसाटतो.

सराव घराजवळ करायचा असल्यास चांगली जाळी आणि जाड चटई पुरते. शाळेच्या मैदानावर मुले असताना काठी बाहेर काढू नये. हौशी माणसाच्या आयर्नचा चेंडूही ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. कासचे पठार कितीही सपाट आणि मोहक दिसले तरी तिकडे काठी नेऊच नये. तिथे मातीचा थर बोटभर आहे, आणि आयर्नने एकदा उखडलेली जागा भरून यायला किती पावसाळे लागतील हे सांगता येत नाही.