जीवनघटनांच्या ताणाचे मापन

जोडीदाराचा मृत्यू, नोकरी जाणे, बदली, घर बदलणे, घरातले लग्न अशा ठळक घटनांमुळे ठराविक मुदतीत (बहुधा मागील १२ महिन्यांत) व्यक्तीवर किती ताण आला, हे ठरविण्याच्या पद्धती. मनोविकारशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान (साथरोगशास्त्र) व सामाजिक सर्वेक्षण यांत त्या वापरल्या जातात. त्यांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात घटनांची छापील यादी असते आणि प्रत्येक घटनेला आधीच ठरविलेले गुण असतात. दुसऱ्यात सविस्तर मुलाखत घेऊन घटनेची तीव्रता त्रयस्थांकडून ठरविली जाते. दोन्ही प्रकारांची घडण मुख्यतः शहरी लोकसंख्येवर झाली : सिअ‍ॅटल, न्यू हेवन, न्यूयॉर्क, लंडन.

उगम : अनेक पाठ्यपुस्तके या पद्धतीचे मूळ ताणाचे संशोधक हान्स सेली यांच्या १९३६ मधील उंदरांवरील प्रयोगांत शोधतात. सेली यांचा विषय शरीराची सर्वसाधारण प्रतिक्रिया हा होता. घटनांची मोजदाद त्यांनी केली नाही. मनोविकारतज्ज्ञ आडोल्फ मायर यांचा ‘जीवनतक्ता’ हा अधिक जवळचा पूर्वज मानावा लागतो. बॉल्टिमोरमध्ये मायर रुग्णाच्या आजारांशेजारी वर्षवार शाळा, नोकरी, विवाह, घरातील मृत्यू यांच्या नोंदी करीत. त्यावरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९१९ चा आहे, पण प्रत्यक्ष वापर त्याआधीचा असावा. न्यूयॉर्कमध्ये हॅरल्ड वुल्फ यांच्याबरोबर काम केलेले टॉमस होम्स यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९४९ पासून हा तक्ता पद्धतशीरपणे वापरला. आजार सुरू होण्याच्या सुमारास घटनांची गर्दी दिसते, या निरीक्षणातून पुढील श्रेणी आकाराला आली.

सिअ‍ॅटलची श्रेणी : होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची श्रेणी प्रसिद्ध केली. गुण ठरविण्याची रीत मानसभौतिकीतील, म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्झ यांनी आवाज व प्रकाश यांच्या तीव्रतेसाठी वापरलेली होती. ‘विवाह’ या घटनेला ५०० हा आकडा आधीच देऊन, इतर प्रत्येक घटनेशी जुळवून घेण्यास त्या मानाने किती जास्त वा कमी प्रयास पडतील, तो आकडा लिहा, असे ३९४ जणांना सांगण्यात आले. सरासरीला दहाने भागून गुण ठरले : जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, विवाह ५०, नोकरीवरून काढले जाणे ४७, निवृत्ती ४५, घर बदलणे २०, नाताळ १२. घटना सुखद की दुःखद, हा भेद मुळातच केलेला नाही; जुळवून घेण्याचे श्रम तेवढे मोजले आहेत. आकडे देणारी माणसे सोयीने निवडलेली होती आणि ३९४ पैकी ३६३ गोरी होती. त्यामुळे हे गुण ताणाचे स्थिरांक नसून एका शहरातील एका गटाच्या मतांची सरासरी आहेत. वर्षाची बेरीज ३०० च्या वर गेली की मोठे संकट, ही मर्यादा लोकप्रिय लेखनात फार फिरते. व्यक्तीच्या पातळीवर तिला फारसा आधार नाही. अमेरिकी नौदलातील सुमारे अडीच हजार खलाशांच्या पाहणीत बेरीज आणि पुढील आजार यांचा सहसंबंध ०.१२ च्या आसपास निघाला, म्हणजे आजारांतील फरकाचा जेमतेम दीड टक्का त्यातून उलगडतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. झोपेतील बदल, आहारातील बदल, वरिष्ठांशी खटके या नोंदी आजाराचे कारण म्हणून मोजायच्या की लक्षण म्हणून? मनोविकारतज्ज्ञ हजन्स यांनी १९७४ मध्ये दाखविले, की ४३ पैकी २९ घटना बऱ्याचदा आजाराची लक्षणे किंवा परिणाम असू शकतात. डोरेनवेंड दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये तयार केलेल्या १०२ घटनांच्या यादीत (१९७८) हा दोष टाळण्याचा प्रयत्न आहे.

भारतीय श्रेणी : पंजाबातील मनोविकारतज्ज्ञ गुरमीत सिंग आणि दलबीर कौर व हरशरण कौर यांची ५१ घटनांची श्रेणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे विवाहाचा आधारआकडा नाही; शून्य (मुळीच ताण नाही) ते १०० (पराकोटीचा ताण) असे थेट गुण मागितले गेले. जोडीदाराचा मृत्यू ९५, जोडीदाराचे विवाहबाह्य संबंध ८०, निलंबन वा बडतर्फी ७६, अपत्य नसणे ६७, सासरच्यांशी वाद (हुंड्याखेरीज) ५७, ज्योतिषाचे भाकीत ५२, मुलगा नसणे ५१, मोठे कर्ज ४९, मुलीचे वा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न ४९. स्वतःच्या लग्नाला ४३ आणि निवृत्तीला ३५ गुण आहेत. ज्योतिषाचे भाकीत परीक्षेतील अपयशाच्या (४३) वर बसते. या पाहणीनुसार प्रौढ भारतीय व्यक्तीला आयुष्यभरात सरासरी दहा आणि गेल्या वर्षभरात सुमारे दोन घटना, उघड आजार न होता, अनुभवाव्या लागतात. एखाद्या रुग्णाची बेरीज वाचताना हे प्रमाण जवळ ठेवावे. सिअ‍ॅटलच्या मर्यादा या श्रेणीला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

बेरजेचा आणखी एक सापळा म्हणजे दुहेरी मोजणी. पुण्याहून नागपूरला बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे, भारतीय श्रेणीच्या गुणांनुसार, उदाहरण घ्यावे : बदली ३३, घर बदलणे ३९, पत्नीने नोकरी सोडणे २५, नव्या घरासाठी मोठे कर्ज ४९, सामाजिक वावरातील बदल २८; एकूण १७४. घटना खरे तर एकच आहे, बाकीच्या तिच्या शेपट्या. उलट, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपासारखा प्रसंग यादीत नीट बसत नाही. सुमारे अडीच लाख कामगार महिनोन्‌महिने वेतनाविना राहिले; ही बडतर्फी (७६) धरायची, बेकारी (५१) की आर्थिक नुकसान (५४), याचा निर्णय प्रश्नावली करीत नाही, भरणारा करतो.

मुलाखतीची पद्धत : लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी या अडचणींवर वेगळा मार्ग काढला. दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागात त्यांनी ४५८ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या (१९७८ मध्ये प्रसिद्ध). मुलाखत ध्वनिमुद्रित होते. मग मुलाखतकार घटना आणि तिची पार्श्वभूमी संशोधकांच्या मंडळापुढे मांडतो, पण ती स्त्री रडली का, आजारी पडली का, हे सांगत नाही. अशा परिस्थितीत बहुतेकांना ही घटना दीर्घकाळ किती जाचली असती, यावर मंडळ चार पायऱ्यांपैकी एक ठरविते. ‘दीर्घकाळ’ म्हणजे घटनेनंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनीही उरणारा धोका. दोन वर्षे वा अधिक चाललेल्या गंभीर अडचणी स्वतंत्रपणे नोंदल्या जातात. वर्षभरात नैराश्य सुरू झालेल्या ३७ स्त्रियांपैकी ३३ जणींच्या बाबतीत आधी गंभीर घटना किंवा मोठी अडचण आढळली. ही पद्धत महाग आणि वेळखाऊ आहे, प्रशिक्षणाशिवाय चालत नाही. तरी कार्यकारणभावाचा प्रश्न असेल तेथे तीच ग्राह्य धरावी, याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे.

क्षेत्रकार्यातील तपशील : आजार कधी सुरू झाला ती तारीख घटना विचारण्यापूर्वीच, शक्य तर दुसऱ्या मुलाखतकाराने, पक्की करावी, एरवी सांगणारा नकळत घटना मागेपुढे सरकवून आजाराला कारण जोडून देतो. त्यानंतर बारा चौकटींचा तक्ता समोर ठेवून त्यात गणपती, दिवाळी, दहावीची परीक्षा, जूनमधील शाळाप्रवेश, भाडेकराराची मुदत असे खुंटे आधी भरावेत. ‘पावसाच्या आधी केव्हातरी’ हे उत्तर ‘शाळा सुरू झाली होती का?’ या एका प्रश्नाने पंधरवड्यापर्यंत आणता येते. नंतर आरोग्य, घर, काम, पैसा, नाती, कोर्टकचेरी या क्रमाने जावे. विस्मरणाचे प्रमाण काही पाहण्यांत महिन्याला सुमारे पाच टक्के आढळले आहे, म्हणून वर्षापलीकडचे किरकोळ प्रसंग विचारून उपयोग नाही.

महानगरात खासगीपणाचा अभाव ही मोठी अडचण. एका खोलीच्या घरात सासू समोर बसलेली असताना सासरचे वाद आणि विवाहबाह्य संबंध या नोंदी कोऱ्या राहतात. यादीतील सर्वांत जड नोंदींपैकीच या असल्याने बेरीज एकदम खाली येते आणि ते घर शांत असल्याचा भास होतो. दवाखान्यातील वेगळी खोली, इमारतीची गच्ची, दुपारी रिकामे असलेले वस्तीतील मंडळाचे कार्यालय अशी जागा आधी ठरवावी. लोकलचा रोजचा प्रवास, पाण्याची वेळ, संक्रमण शिबिरात लांबलेला मुक्काम या गोष्टींना सुरुवातीची तारीख सहसा सांगता येत नाही. त्यांची नोंद घटनांत न करता अडचणींच्या रकान्यात करावी.

संबंधित साधने : रोजच्या कटकटींची ११७ नोंदींची यादी (कॅनर व सहकारी, १९८१) आणि व्यक्तीला स्वतःला जाणवलेला ताण मोजणारी शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची श्रेणी (१९८३) ही दोन साधने प्रचलित आहेत. दुसरीत घटना विचारल्याच जात नाहीत. त्यामुळे तिचे गुण जीवनघटनांच्या बेरजेत मिळवू नयेत.